बँक-संकेत आणि परदेशी रवानगी : प्रस्तावना

नागपूरच्या धरमपेठेत किंवा प्रतापनगरात राहणाऱ्या एखाद्या मध्यमवर्गीय कुटुंबातील मुलगी जर्मनीतील विद्यापीठात पुढील शिक्षणासाठी जावयाची ठरली, म्हणजे प्रवेशपत्र हाती आल्याच्या आनंदाला आठवडा होतो न होतो तोच त्या घरात एका निराळ्याच कागदाची चर्चा सुरू होते. विद्यार्थ्याने पहिल्या वर्षाच्या निर्वाहाची रक्कम, म्हणजे २०२४ च्या सप्टेंबरपासून ११,९०४ युरो, आपल्या नावाच्या प्रतिबंधित खात्यात आगाऊ जमा करून त्याचा दाखला व्हिसाच्या अर्जास जोडावा, अशी तिकडची सर्वसाधारण रीत आहे. आणि ही रक्कम पाठवावयाची तर बँकेच्या छापील अर्जावर लाभार्थीचे नाव, बावीस अक्षरांकांचा एक खातेक्रमांक, आठ किंवा अकरा अक्षरांचा एक बँक-संकेत, रकमेच्या प्रयोजनाचा आणखी एक संकेत आणि वाटखर्च कोणी सोसावयाचा याविषयीचा पर्याय, इतक्या गोष्टी बिनचूक भराव्या लागतात. उभी हयात सरकारी दप्तरात घालविलेला, कागदाला कधी न भ्यालेला बापही या अर्जापुढे थबकतो. कारण त्यावरील प्रत्येक रकाना कोणत्या तरी दीर्घ व्यवहार-परंपरेतून आलेला आहे, आणि ती परंपरा त्याला कोणी कधी समजावून दिलेली नसते. प्रस्तुत ग्रंथ ती समजावून देण्यासाठी लिहिला गेला आहे.

या विषयात प्रवेश करणाऱ्याने प्रथम एक समजूत मनातून काढून टाकली पाहिजे. आपण 'पैसे पाठविले' असे म्हणतो खरे, परंतु सीताबर्डीच्या शाखेतून फ्रँकफुर्टला पैसा म्हणून काहीही जात नाही. जातो तो एक हुकूम. भारतीय बँकेने युरोपातील एखाद्या बँकेत युरोचे खाते उघडून ठेवलेले असते. त्यास आपल्याकडच्या बँकेच्या भाषेत नॉस्ट्रो खाते म्हणतात, आणि तेच खाते त्या युरोपीय बँकेच्या दप्तरी व्होस्ट्रो म्हणून ओळखले जाते. नागपूरच्या खातेदाराच्या नावे रुपये खर्ची पडले की, आमच्या खात्यातून इतके युरो उचलून अमुक बँकेतील अमुक खाती जमा करावे, असा निरोप तिकडे रवाना होतो, आणि निरनिराळ्या दप्तरांत जमाखर्चाच्या नोंदी होऊन व्यवहार पुरा होतो. तेव्हा सगळा प्रश्न अखेर तीन प्रश्नांवर येऊन ठेपतो: निरोप कोणाला उद्देशून आहे, तो ज्याच्या नावाने आला त्यानेच धाडला आहे हे कशावरून, आणि दुसऱ्या टोकाला तो वाचणाऱ्याचा अर्थाविषयी घोटाळा होणार नाही याची तजवीज काय. बँक-संकेत हे यांपैकी पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय. दुसऱ्याचे उत्तर त्यात नाही. आणि परकीय चलनाच्या टेबलाशी माझी उमेदीची वर्षे गेली असल्यामुळे मी हे जाणून आहे की, ही साधी गोष्ट खातेदाराच्याच काय, पण कित्येक अधिकाऱ्यांच्याही ध्यानातून निसटते. संपूर्ण ग्रंथ या एका भेदावर उभा आहे असे म्हटले तरी चालेल.

हे तिन्ही प्रश्न आपल्या मुलखाला नवे नाहीत. भोसल्यांच्या अमदानीत नागपूरचे संबंध एकीकडे पुण्याशी, दुसरीकडे काशीशी आणि तिसरीकडे कटकाशी जडलेले होते, आणि इतक्या दूरच्या पल्ल्यावर रोकड रक्कम बैलांच्या पाठीवर लादून नेणे म्हणजे वाटेवरच्या लुटारूंस आमंत्रण देणे, हे सावकारापासून शिलेदारापर्यंत सर्वांस ठाऊक होते. त्यावरचा तोडगा हुंडी. देशभरच्या पेढ्यांच्या व्यवहारातून तिचे जे प्रकार रूढ झाले त्यांची नुसती नावे घेतली तरी किती बारकाईने विचार झाला होता ते कळून येते. दाखविताक्षणी पटवावयाची ती दर्शनी, ठराविक दिवसांनी पटवावयाची ती मुदती. मालकास द्यावयाची ती धनीजोग, नाव घातलेल्यासच द्यावयाची ती नामजोग, आणि बाजारात पत असलेल्या शहाच्या हातीच रक्कम पडली पाहिजे, तो शहा आहे की नाही याची खात्री पटविणाऱ्याने करून घेतली पाहिजे, अशा अटीची ती शाहजोग. हुंडी गहाळ झाली तर पैठ, पैठही हरवली तर परपैठ, आणि पटवून रद्द झाली की तिचा खोका. आज बँका ग्राहकाच्या ओळखीचे कागद मागतात, हरवलेल्या निरोपाचा माग काढतात, एकच हुकूम दोनदा पाळला जाऊ नये म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक घालतात. या सर्वांची मूळ गरज पेढीवरच्या मुनिमाने कधीच ओळखली होती. १८८१ चा पराक्राम्य लेखांचा कायदा झाला तेव्हाही देशी भाषांतील हुंड्यांबाबतचे स्थानिक रिवाज त्याने अबाधित ठेवले, यावरून त्या रिवाजांची जरब केवढी होती याची कल्पना यावी.

परंतु हुंडीची मर्यादा तिच्या गुणातच होती. सही, वळण, मायना आणि मोडी लिपीचे खास ढंग ओळखणारा गुमास्ता दुसऱ्या टोकाला बसलेला असेल तोवरच ती चालावयाची. ओळखीचा परीघ संपला की तिचे बळ संपले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा परीघ अपुरा पडू लागला. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी पेटली, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि वऱ्हाड-नागपूरच्या काळ्या जमिनीतील कापसाला लिव्हरपूलच्या बाजारात एकाएकी भाव आला. १८६७ साली आगगाडी नागपूरला पोचली, १८७० साली समुद्रतळीच्या तारेने मुंबई थेट लंडनशी जोडली गेली, आणि १८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथे सुरू झाली. आता हिंगणघाटचा कापूस ज्याने घ्यावयाचा तो लिव्हरपूलचा दलाल आणि ज्याने विकावयाचा तो इकडचा अडत्या यांची गाठ जन्मात पडावयाची नव्हती, आणि व्यवहार तर तारेच्या वेगाने होऊ लागला होता. विनिमय-बँकांनी तारेने रक्कम देण्याघेण्याची पद्धत त्यातूनच वाढविली. आजही बँकेच्या दरपत्रकावर 'टी. टी. बाइंग' आणि 'टी. टी. सेलिंग' अशी जी सदरे दिसतात ती त्या तारेचीच होत. भारतातील तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली, पण हुंडणावळीच्या हिशेबात तारेचे नाव मागे राहिले आहे.

तारेने वेग दिला, पण खात्री दिली नाही. तारमास्तराच्या हातून आलेल्या चिठ्ठीवर बँकेची सही नसते. मग ती बँकेचीच कशावरून? यावर बँकांनी जो उपाय योजला तो मला अजूनही थक्क करतो. प्रत्येक बँकजोडीत कोष्टकांची एक गुप्त वही असावयाची. वर्षाचा अमुक आकडा, महिन्याचा अमुक, तारखेचा अमुक, चलनाचा अमुक, रकमेतील लाखांचा, हजारांचा, शेकड्यांचा निरनिराळा. या सर्वांची बेरीज करून जो अंक येई तो निरोपाच्या आरंभी घालावयाचा. पलीकडचा अधिकारी तिजोरीतून आपली वही काढून तीच बेरीज पुन्हा करी, अंक जुळला तर निरोप खरा, न जुळला तर रक्कम थांबली. टेलेक्सची यंत्रे आल्यावरही ही 'टेस्ट' काढण्याची रीत तशीच चालू राहिली, आणि तो अंक काढणारा अधिकारी व टेलेक्स ठोकणारा कारकून एकच असता कामा नये, हा दंडकही तितक्याच कसोशीने पाळला जाई. वाचकाने हा दंडक लक्षात ठेवावा. पुढे ज्या तीन दुर्घटनांचा उल्लेख येणार आहे त्या तो मोडल्यामुळे किंवा त्यास बगल दिली गेल्यामुळेच घडल्या.

टेलेक्सचा खरा दोष त्याच्या मोकळेपणात होता. प्रत्येक बँक आपल्या भाषेत, आपल्या क्रमाने, आपल्या लकबीने मजकूर लिहीत असे, आणि तो वाचून अर्थ लावण्यासाठी दुसऱ्या टोकाला जाणता माणूस बसवावा लागे. १९७३ साली १५ देशांतील २३९ बँकांनी एकत्र येऊन बेल्जियममध्ये एक सहकारी संस्था स्थापन केली, तीच स्विफ्ट. तिची निरोप-वाहतूक १९७७ साली प्रत्यक्षात सुरू झाली. महाराष्ट्रासारख्या सहकाराच्या भूमीतील वाचकाला हे आवर्जून सांगितले पाहिजे की, जगाच्या पैशाचे निरोप वाहणारी ही यंत्रणा कोणा एका सरकारची किंवा भांडवलदाराची मालमत्ता नसून सभासद बँकांच्या मालकीची आहे. तिने तीन कामे केली: निरोपाचा साचा ठरविला, त्याच्या खरेपणाची तांत्रिक हमी घेतली, आणि प्रत्येक सभासदाला एक निश्चित संकेत दिला, जो पुढे आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य झाला. भारतातील बँका १९९१ साली या जाळ्यात आल्या. आज दोनशेहून अधिक देशांतील अकरा हजारांवर संस्था त्यात आहेत.

आता तो संकेत जवळून पाहू. बँक ऑफ महाराष्ट्रचा संकेत एम-ए-एच-बी-आय-एन-बी-बी असा आहे. पहिली चार अक्षरे बँकेची, पुढील दोन देशाची, त्यापुढील दोन स्थळाची. आणि विशिष्ट शाखेचा निर्देश करावयाचा असेल तर आणखी तीन. शाखा नसेल तेथे तीन वेळा 'एक्स' लिहितात किंवा काहीच लिहीत नाहीत, आणि दोन्ही रीती एकाच मुख्य कार्यालयाचा बोध करून देतात. म्हणून संकेत कधी आठ अक्षरांचा तर कधी अकरांचा दिसतो; त्याने गांगरून जाण्याचे कारण नाही. गांगरण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. देशांतर्गत रवानगीसाठी रिझर्व्ह बँकेने जो आयएफएससी चालविला आहे तोही अकराच अक्षरांकांचा, आणि त्याच बँकेचा तो एम-ए-एच-बी असाच सुरू होतो! अकरा आणि अकरा, पहिली चार अक्षरे तीच. तेव्हा दुबईच्या किंवा डॅलसच्या मुलाने 'कोड पाठवा' म्हटले की घरची मंडळी धनादेशावरचा आयएफएससी उतरवून पाठवितात. ओळखण्याची खूण सोपी आहे: आयएफएससीत पाचव्या जागी नेहमी शून्य असते, आणि ते शून्यच असते, 'ओ' नव्हे, बँक-संकेतात पाचव्या-सहाव्या जागी 'आय-एन' ही देशाची अक्षरे असतात. धनादेशाच्या तळाशी छापलेला नऊ आकड्यांचा मायकर हा तिसराच, आणि त्याचे पहिले तीन आकडे शहराच्या टपाल-क्रमांकावरून घेतलेले असल्यामुळे नागपूरकराला त्यात आपले ४४० तत्काळ ओळखू येते; परदेशी रवानगीशी मात्र त्याचा काडीचा संबंध नाही. शिवाय दोन्ही संकेतांची चार अक्षरे सारखीच असतील असेही धरून चालू नये: यूटीआय बँकेची २००७ साली अ‍ॅक्सिस बँक झाली, तिच्या परदेशी संकेतात नवे नाव आले, पण आयएफएससीत जुनी यू-टी-आय-बी ही अक्षरे अद्याप नांदत आहेत.

जगातील सर्व देशांनी एकच पद्धत स्वीकारलेली नाही, आणि अभ्यासकांना येथे दोन-तीन निरनिराळे पंथ दिसतात. एका पंथाचे म्हणणे असे की निरोप वाहणारा निराळा असावा आणि हिशेब मिटविणारा निराळा. स्विफ्ट या पंथाची. दुसऱ्या पंथात मध्यवर्ती बँक आपल्याच दप्तरी निरोप घेते आणि तेथल्या तेथे खाती वळती करते. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने १९१८ पासून तारेच्या आधारे ही रीत पाडली, आणि आपल्याकडील आरटीजीएस, जी २६ मार्च २००४ रोजी सुरू झाली व २०२० च्या डिसेंबरपासून अहोरात्र चालू आहे, ती याच कुळातील. हिशेब मिटविण्याच्या वेळेतील अंतर किती घातक ठरू शकते हे १९७४ च्या जूनमध्ये कलोनच्या हेरश्टाट बँकेने दाखवून दिले: तिने दिवसा मार्क पदरात पाडून घेतले, आणि न्यूयॉर्कमध्ये डॉलर देण्यापूर्वीच तिला टाळे लागले. जमा आणि नावे यांच्यामधील त्या काही तासांच्या धोक्याला आजही त्या बँकेचेच नाव आहे.

दुसरा मतभेद खातेक्रमांकाविषयी. युरोपने, आणि त्यामागोमाग आखाती देशांनी, बँक, शाखा व खाते या सर्वांचा समावेश असलेला एकच लांब क्रमांक पत्करला, त्यास आयबान म्हणतात. जर्मनीत तो २२ अक्षरांकांचा, संयुक्त अरब अमिरातींत २३. अमेरिका बँकेचा नऊ आकडी क्रमांक आणि खातेक्रमांक वेगवेगळा मागते. तो नऊ आकडी क्रमांक तेथील बँकांच्या संघाने १९१० साली बसविलेला आहे. भारतात आयबान नाही, आणि म्हणून लंडनहून किंवा म्युनिकहून मुलगा जेव्हा 'आई, आपला आयबान कळव' असे लिहितो तेव्हा आईने बँकेत हेलपाटे घालण्याचे कारण नाही. तो क्रमांक अस्तित्वातच नाही. व्यक्तिशः मला आयबानचा एक गुण फार मोलाचा वाटतो, आणि तो आपल्या संकेतांत नसावा याची खंत वाटते. देशाच्या दोन अक्षरांपुढे त्यात पडताळ्याचे दोन आकडे असतात. पहिली चार चिन्हे उचलून शेवटी न्यावी, 'ए' म्हणजे १०, 'बी' म्हणजे ११, याप्रमाणे 'झेड' म्हणजे ३५ असे अक्षरांचे आकडे करावे, आणि जी प्रचंड संख्या तयार होईल तिला ९७ ने भागावे. बाकी १ उरली तर क्रमांक सुसंगत, न उरली तर कोठेतरी चूक. लिहिताना एखादा आकडा चुकला तर यंत्र तो जागच्या जागी पकडते. बँक-संकेताला किंवा आयएफएससीला असा पडताळा नाही. तेथे एक अक्षर चुकले आणि ते चुकलेले रूप दुसऱ्या कोणा बँकेचे खरे निघाले, तर गणित गप्प राहते.

वाटेतील मध्यस्थ बँकांचा भाग हा सामान्य खातेदाराच्या सर्वांत अधिक तक्रारींचे मूळ आहे. नागपूरच्या बँकेचे जर्मनीतील लाभार्थीच्याच बँकेत खाते असेलच असे नाही. मग निरोप एका किंवा दोन मध्यस्थांमार्फत जातो, आणि प्रत्येक जण आपले हशील कापून घेतो. अर्जावर 'खर्च माझा', 'खर्च लाभार्थीचा' आणि 'दोघांचा' असे जे तीन पर्याय असतात त्यांतील तिसरा माणूस सहजी निवडतो, कारण तो न्याय्य वाटतो. आणि मग त्या विद्यार्थिनीच्या प्रतिबंधित खात्यात ११,९०४ च्या जागी वीस-पंचवीस युरो कमी पडतात, व तेवढ्यासाठी व्हिसाचे काम अडते. जुन्या साच्यातील ग्राहक-रवानगीच्या निरोपास १०३ हा क्रमांक होता. त्याच्या ५७ व्या रकान्यात लाभार्थीची बँक, ५९ व्यात लाभार्थी आणि ७१ व्यात हा खर्चाचा पर्याय, अशी त्याची मांडणी ज्याने एकदा समजून घेतली त्याला बँकेने दिलेली छापील प्रत वाचून आपली रक्कम कोठे अडली ते स्वतः सांगता येई. २०१८ च्या नोव्हेंबरपासून अशा प्रत्येक निरोपाला ३६ चिन्हांचा एक अनन्य माग-क्रमांक असतो. खातेदाराने तो मागून घ्यावा. २०२३ च्या मार्चपासून नवा, अधिक तपशिलाचा साचा येऊ लागला, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात दोन्ही साच्यांच्या सहजीवनाचा काळ संपला.

विदर्भाच्या दृष्टीने या विद्येची निकड आज जितकी आहे तितकी पूर्वी कधी नव्हती. मिहानमधील कंपन्यांत परदेशी कामे चालतात, वरुड-मोर्शी आणि काटोल-नरखेडची संत्री बांगलादेशाला जातात, घरी बसून परदेशी ग्राहकाचे संगणकी काम करणारी तरुण मंडळी गल्लोगल्ली आहेत, आणि शिकावयास गेलेली मुले कमावती होऊन आईबापांस पैसे पाठवीत आहेत. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत देशात येणाऱ्या अशा रकमांत महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के, म्हणजे केरळच्याही किंचित पुढे दिसला. असे असूनही आपल्या नागरी आणि जिल्हा सहकारी बँकांपैकी पुष्कळांना परकीय चलनाचा परवाना नाही, स्वतःचा बँक-संकेतही नाही, आणि त्यांचा आयएफएससी कधी कधी दुसऱ्याच पुरस्कर्त्या बँकेच्या अक्षरांनी सुरू होतो. सावनेरच्या किंवा उमरेडच्या खातेदाराने आपले पैसे परदेशातून नेमके कोणत्या पत्त्यावर मागवावे, हा प्रश्न त्याला कोणी मराठीत उकलून सांगितलेला नाही. राष्ट्रीयीकृत बँकांतही प्रत्येक शाखेला संकेत नसतो. रक्कम बहुधा मुंबईच्या दप्तरात येते व तेथून खातेक्रमांकाच्या आधारे शाखेत पोचते. प्रयोजनाचा संकेतही येथेच ठरतो: कुटुंबाच्या निर्वाहासाठी आलेल्या रकमेचा पी-१३०१, संगणकी सल्ल्याच्या मोबदल्याचा पी-०८०२. चुकीचा संकेत पडला तर कमाईची रक्कम निर्वाहाची म्हणून दप्तरी लागते, आणि पुढे कर-खात्यापुढे त्याचा खुलासा करीत बसावे लागते.

निरोपाचा पत्ता बरोबर असणे आणि निरोप खरा असणे यांतील अंतर न ओळखल्याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. २०१८ च्या फेब्रुवारीत पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाउस शाखेचे प्रकरण उघडकीस आले. तेथून परदेशी बँकांना स्विफ्टवरून हमीचे निरोप जात होते, त्यांचे संकेत अचूक होते, साचा अचूक होता. पण त्यांची नोंद बँकेच्या स्वतःच्या मुख्य हिशेबात होतच नव्हती, कारण दोन यंत्रणा एकमेकींशी जोडलेल्या नव्हत्या. बुडीत रकमेचा आकडा तेरा हजार कोटींच्या पुढे गेला, आणि मग ३० एप्रिलपूर्वी ही जोडणी करावी असे फर्मान रिझर्व्ह बँकेने काढले. त्याच वर्षी ऑगस्टात पुण्याच्या, १९०६ साली स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर घाला आला. दोन दिवसांत एटीएम-पत्रांच्या बनावट प्रतींनी अनेक देशांतून पैसे काढले गेले, आणि १३ ऑगस्टला स्विफ्टच्या निरोपांनी १३.९२ कोटी रुपये हाँगकाँगच्या एका बँकेतील खात्यात गेले. एकूण रक्कम ९४.४२ कोटी. त्याच्या दोन वर्षे आधी बांगलादेशाच्या मध्यवर्ती बँकेच्या नावाने न्यूयॉर्कला गेलेल्या खोट्या निरोपांनी ८ कोटी १० लाख डॉलर मनिलात पोचले, तर श्रीलंकेकडे निघालेले दोन कोटी एका शब्दाचे स्पेलिंग चुकल्यामुळे मध्यस्थ बँकेतील दक्ष माणसाच्या नजरेस पडून वाचले. या तिन्ही ठिकाणी संकेत-पद्धती जशी चालावयास हवी तशीच चालली. ढासळली ती लिहिणारा एक आणि तपासणारा दुसरा ही जुनी शिस्त, जी टेलेक्सच्या खोलीत गुप्त वहीच्या आधाराने पाळली जात होती. ग्रंथकर्त्यांनी या प्रकरणांचा ऊहापोह सनसनाटीच्या मोहात न पडता केला आहे, आणि सहकारी बँकांच्या संचालकांनी तेवढा भाग तरी सक्तीने वाचावा असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

या जाळ्याला राजकारणाचीही एक बाजू आहे. २०१२ साली इराणच्या आणि २०२२ साली रशियाच्या काही बँकांना त्यातून वगळण्यात आले, तेव्हा सहकारी संस्थेच्या तटस्थतेला बेल्जियमच्या, युरोपच्या कायद्याची चौकट असते हे उघड झाले. २०२२ च्या जुलैत रिझर्व्ह बँकेने परदेशी व्यापार रुपयात मिटविण्यासाठी विशेष व्होस्ट्रो खात्यांची मुभा दिली, आणि २०२३ च्या फेब्रुवारीत आपली यूपीआय सिंगापूरच्या पेनाऊशी जोडली गेली. या प्रयत्नांचे भवितव्य सांगण्याच्या भरीस ग्रंथकर्ते पडलेले नाहीत, ते योग्यच झाले.

त्यांनी संकेतांची यादीही दिलेली नाही, आणि काही वाचकांना हा उणेपणा वाटेल. परंतु २०१९-२० च्या विलीनीकरणांत देना, सिंडिकेट, अलाहाबाद, कॉर्पोरेशन यांसारख्या बँका नाहीशा झाल्या व त्यांचे जुने आयएफएससी पाठोपाठ रद्द झाले, हे आठवले म्हणजे छापील यादी किती लवकर शिळी आणि म्हणून घातक होते ते कळते. त्याऐवजी संकेत वाचावा कसा, पडताळावा कोठे आणि चुकला तर कोणाकडे, किती लवकर, कोणत्या कागदासह दाद मागावी, हे त्यांनी शिकविले आहे. याची गरज अशासाठी की, आपल्याकडे २०१० पासून इलेक्ट्रॉनिक रकमा केवळ खातेक्रमांकाच्या आधारे जमा होतात आणि तो बरोबर देण्याची जबाबदारी पाठविणाऱ्यावर आहे. नाव आधी पडताळून पाहण्याची सोय एनईएफटी-आरटीजीएसला २०२५ च्या एप्रिलपासून मिळाली. ती देशाच्या सीमेपर्यंतच आहे.

परदेशातून येणाऱ्या रकमेस नावाचा अडथळा फार मोठा, आणि मराठी माणसाला तो अधिकच. जुन्या साच्यात लाभार्थीच्या नाव-पत्त्यास ३५ अक्षरांच्या चार ओळी मिळत. आपले नाव म्हणजे स्वतःचे, वडिलांचे किंवा पतीचे आणि आडनाव. पारपत्रावर ते एका क्रमाने, पासबुकात दुसऱ्या. विवाहानंतर बदललेले नाव एका दप्तरी नवे, दुसऱ्या दप्तरी जुने. आणि रोमन लिपीत 'वानखेडे' लिहावयाचे तर व्ही की डब्ल्यू याविषयी एकाच घरातील दोन भावांचे एकमत नसते. संकेत बिनचूक, खातेक्रमांक बिनचूक, आणि तरीही नाव जुळत नाही म्हणून रक्कम खुलाशासाठी थांबते किंवा हशील कापून परत जाते, असे प्रकार मी नोकरीत असताना आठवड्यागणिक येत. ग्रंथकर्त्यांनी या नावांच्या प्रश्नाला स्वतंत्र आणि सविस्तर जागा दिली आहे. माझ्या माहितीतील दुसऱ्या कोणत्याही पुस्तकात ती नाही, आणि प्रत्यक्ष उपयोगाच्या दृष्टीने हाच या ग्रंथाचा सर्वोत्तम भाग आहे. वाचकाने तो आपले पासबुक, आपले पारपत्र आणि बँकेचा एक कोरा अर्ज शेजारी मांडून, हाती पेन्सिल घेऊन वाचावा.

नागपूर